गोलंदाज पालवणकर बाळू

पुणे शहराच्या पूर्वेस लष्कर नावाचा भाग आहे. इंग्रजी अमदानीत येथे गोऱ्या सैनिकांच्या बराकी, अधिकाऱ्यांचे बंगले आणि त्यांच्या करमणुकीची मैदाने होती. सायंकाळ झाली की साहेब लोक शुभ्र पोशाख करून मैदानावर येत. त्यांच्या आधी, पहाटेच्या गारव्यात, त्या मैदानावर दुसरीच माणसे राबत असत. कोणी गवत काढी, कोणी पाणी शिंपी, कोणी जड रूळ ओढून खेळपट्टी सपाट करी. त्या राबणाऱ्यांत एक सडपातळ तरुण होता. सुमारे वीस वर्षांनी हाच तरुण सातासमुद्रांपलीकडे जाऊन इंग्लंडच्या नामांकित फलंदाजांना तंबूत परत धाडणार होता. त्याचे नाव पालवणकर बाळू.

बाळूचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. घराण्याचे मूळ गाव कोकणातील पालवण. त्यावरून पालवणकर हे आडनाव पडले. कुटुंब चर्मकार समाजातील. वडील लष्करी खात्याच्या चाकरीत असल्यामुळे मुलांचे बालपण पुण्यात गेले. त्या काळी या समाजातील लोकांना अस्पृश्य मानले जाई. सार्वजनिक विहिरीवर पाणी भरणे, देवळात जाणे, इतरांच्या पंक्तीस बसणे, या गोष्टी त्यांना वर्ज्य होत्या. जन्मामुळे माणूस उच्च किंवा नीच ठरतो, या समजुतीने समाजाला घट्ट जखडून टाकले होते.

लष्करातील अधिकारी खेळून झाल्यावर जुने चेंडू आणि मोडक्या बॅटी टाकून देत. बाळू व त्याचा धाकटा भाऊ शिवराम हे त्या उचलून आपला डाव मांडीत. हीच त्यांची पहिली शाळा. घरची स्थिती बेताची होती. शिक्षण फार काळ चालू शकले नाही आणि बाळूला लवकरच पोटासाठी कामाला लागावे लागले. पुण्यातील पारशी मंडळींच्या मैदानावर त्याला नोकरी मिळाली. मैदान झाडावे, रूळ फिरवावा आणि सभासदांनी सांगितल्यास त्यांच्या सरावासाठी चेंडू टाकावा, असे कामाचे स्वरूप होते. पगार महिना तीन रुपये.

१८९२ च्या सुमारास तो युरोपियनांच्या पूना क्लबमध्ये गेला. तेथे पगार एक रुपयाने वाढला. काम मात्र तेच राहिले. खेळपट्टी तयार करणे, तिच्यावर चुन्याच्या रेघा आखणे, सरावाची जाळी उभारणे, टेनिसची अंगणे आखणे हे सर्व करून उरलेल्या वेळात साहेबांना गोलंदाजी करायची. बाळूचा डावा हात विलक्षण होता. संथ गतीने येणारा त्याचा चेंडू हवेत तरंगल्यासारखा दिसे, टप्पा पडताच कधी आत वळे, कधी बाहेर, आणि पुष्कळदा सरळच जाऊन यष्टी उडवी. कोणत्या हालचालीनंतर चेंडू कोणीकडे वळेल याचा फलंदाजाला अंदाज लागत नसे. हे कौशल्य त्याला कोणी पुस्तकातून शिकविले नव्हते. चांगले गोलंदाज कसे धावत येतात, हात कसा फिरवितात, हे त्याने काम करता करता न्याहाळले होते आणि तासन् तास चेंडू टाकून ते आपलेसे केले होते. शिवाय ज्या खेळपट्टीवर तो स्वतः रोज रूळ फिरवी, तिचा स्वभाव त्याच्यापेक्षा अधिक कोणास ठाऊक असणार?

क्लबमध्ये कॅप्टन ग्रेग नावाचे एक नाणावलेले फलंदाज होते. इंग्लंडमध्ये ते हँपशर परगण्याच्या संघाकडून खेळत. सरावाला ते इतरांच्या आधी येत आणि बाळूची गोलंदाजी एकट्याने खेळून काढीत. असे सांगतात की, बाळूने आपल्याला बाद केले की दर खेपेस आठ आणे बक्षीस द्यायचे, असा ग्रेगसाहेबांनी नेम केला होता. सोळा आण्यांचा एक रुपया. म्हणजे साहेबांना आठ वेळा बाद केले की पुऱ्या महिन्याचा पगार हाती येई! या बक्षिसाने बाळूच्या घराला हातभार लागला आणि त्याच्या गोलंदाजीलाही धार चढली. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. शेकडो तास चेंडू टाकणाऱ्या या तरुणाच्या हातात तेथे कोणी बॅट दिली नाही. चेंडू टाकणे हे श्रमाचे काम, ते चाकराने करावे. फलंदाजी हा मानाचा खेळ, तो साहेबाने खेळावा, अशी तेथील रीत होती.

पुण्यात हिंदू खेळाडूंचाही एक संघ होता. युरोपियनांना त्यांच्याच खेळात हरवावे ही त्या संघाची मोठी आकांक्षा. साहेबांच्या मैदानावर एक अपूर्व देशी गोलंदाज आहे, ही वार्ता त्यांच्या कानांवर गेली. तेव्हा संघात वाद उत्पन्न झाला. बाळूला घ्यावे तर शिवाशिवीचे काय? न घ्यावे तर सामना जिंकायचा कसा? काही सभासदांनी त्याला घेण्याचा आग्रह धरला, तर काहींनी कडाडून विरोध केला. अखेर गुणांचे पारडे जड ठरले आणि बाळू संघात आला.

तो आला खरा. पण कशा रीतीने आला, हे पाहिले म्हणजे मन विषण्ण होते. मैदानावर त्याने टाकलेला चेंडू सर्वजण झेलीत, उचलीत, परत त्याच्या हाती देत. तेथे विटाळ होत नसे. मात्र चहाची वेळ झाली की इतर खेळाडू तंबूत जाऊन चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत आणि बाळूला तंबूच्या बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. ते भांडे वापरून फेकून द्यायचे. हातपाय धुवायचे झाले तर अस्पृश्य समाजातीलच एखादा नोकर मैदानाच्या कोपऱ्यात पाणी आणून देई. जेवणाचे ताट वेगळे आणि बसण्याची जागाही वेगळी. ज्या हातांनी संघाला विजय मिळवून दिला, त्याच हातांचा स्पर्श जेवणाच्या वेळी संघाला चालत नव्हता.

बाळूंनी या अपमानाला कडू शब्दांनी उत्तर दिले नाही. ते चेंडू टाकीत राहिले आणि बळी घेत राहिले. पुण्याच्या संघाने पूना क्लबच्या युरोपियनांवर विजय मिळविला. पुढे साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याशी सामना ठरला. बाळूंच्या गोलंदाजीची धास्ती घेऊन तेथील मंडळींनी चेंडू वळू नये म्हणून कित्येक दिवस खेळपट्टीवर रूळ फिरविला होता, अशी हकिकत सांगतात. तरीही बाळूंनी सात गडी बाद केले आणि पुणेकरांनी सामना जिंकला. या यशाने त्यांचे नाव घरोघरी झाले. त्या वेळी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे पुण्याच्या सार्वजनिक जीवनात अग्रभागी होते. ज्याच्याबरोबर तुम्ही खेळता, त्याच्याबरोबर बसून चहा घेण्यास व जेवण्यास तुम्हांला कोणती हरकत आहे, अशा आशयाचा सवाल त्यांनी खेळाडूंना जाहीरपणे केला. सवाल साधा होता. परंतु त्याचे उत्तर देण्यास समाजाला पुष्कळ वर्षे लागली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाळू मुंबईस गेले. तेथील हिंदू जिमखान्यातही त्यांच्या प्रवेशाला विरोध झाला; परंतु तो टिकला नाही. मुंबई, बडोदा आणि मध्य हिंदुस्थान रेल्वेच्या संघाकडूनही ते खेळू लागले. शिवरामही नामांकित खेळाडू झाला होता. १९०६ च्या फेब्रुवारी महिन्यात मुंबईत हिंदू आणि युरोपियन या संघांचा सामना झाला. बंगालच्या फाळणीमुळे त्या दिवसांत देशभर स्वदेशीची चळवळ पेटली होती. राज्यकर्त्यांशी मैदानावर होणारी ही झुंज पाहण्यास लोकांची रीघ लागली. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या, युरोपियनांनी १९१. दुसऱ्या डावात हिंदूंच्या १६० धावा झाल्या. उत्तरादाखल खेळावयास आलेला युरोपियन संघ अवघ्या १०२ धावांत गडगडला. १०९ धावांनी मिळालेल्या या विजयात बाळूंच्या डाव्या हाताचा वाटा मोठा होता. मुंबईच्या संघात पालवणकर बंधूंना इतरांबरोबर एकत्र जेवताही येऊ लागले होते. पुण्यात तंबूबाहेर सुरू झालेली वाट निदान एका जिमखान्याच्या पंक्तीपर्यंत येऊन पोहोचली होती.

१९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली एक संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर निघाला. यापूर्वी पारशी मंडळींचे संघ १८८६ आणि १८८८ साली तेथे जाऊन आले होते. पण सर्व समाजांतील खेळाडूंचा मिळून झालेला, अखिल हिंदुस्थानचा म्हणता येईल असा हा पहिलाच संघ. त्यात हिंदू, मुसलमान, पारशी आणि शीख असे खेळाडू होते, आणि पालवणकर बाळू व शिवराम हे दोघे बंधूही होते.

दौरा कठीण होता. हवा परकी, खेळपट्ट्या अपरिचित, प्रतिपक्ष कसलेला. त्यातच पंचम जॉर्ज बादशहांचा राज्याभिषेक त्याच उन्हाळ्यात असल्यामुळे महाराजांचे लक्ष समारंभांकडे अधिक लागले आणि संघाला त्यांच्यावाचून खेळावे लागले. एकूण २३ सामन्यांपैकी संघाने ६ जिंकले, १५ गमावले आणि २ अनिर्णित राहिले. हे आकडे अभिमान वाटावा असे नाहीत. परंतु या पराभवांच्या काळोखात एक दिवा सतत तेवत होता. सामन्यामागून सामने बाळू गोलंदाजी करीत राहिले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावात त्यांनी १०३ धावा देऊन ८ गडी बाद केले. लेस्टरशर परगण्याच्या बलाढ्य संघावर हिंदुस्थानने विजय मिळविला, त्यात बाळूंच्या बळींचा वाटा सिंहाचा होता. दौरा संपला तेव्हा त्यांच्या नावावर ११४ बळी होते, आणि प्रत्येक बळीमागे त्यांनी सरासरी एकोणीस धावाही दिलेल्या नव्हत्या. त्या वेळी त्यांचे वय पस्तिशीच्या घरात होते. तारुण्याची ऐन वर्षे साहेबांच्या सरावात खर्ची पडल्यानंतरचा हा पराक्रम आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे मोल अधिक कळते.

इंग्लंडमध्ये तेव्हा आणखी एक गोष्ट पाहावयास मिळे. तेथे हौसेने खेळणाऱ्यांना 'सद्‌गृहस्थ' आणि पैसे घेऊन खेळणाऱ्यांना नुसते 'खेळाडू' म्हणत. दोघे एकाच संघातून खेळत. पण त्यांचे कपडे बदलण्याचे कक्ष वेगळे आणि कित्येक मैदानांवर आत येण्याची दारेही वेगळी असत. हा भेद तेथे १९६२ सालापर्यंत टिकला. म्हणजे उच्चनीचतेचा रोग एकट्या आपल्याच देशाला जडला होता असे नाही. मात्र तेथील गरीब खेळाडूला नशीब उघडल्यास तो भेद ओलांडता येणे शक्य होते. येथील भेद जन्माला चिकटलेला होता. कितीही बळी घेतले तरी तो पुसला जात नव्हता.

बाळू परत आले तेव्हा त्यांच्या समाजाने त्यांचे मोठ्या प्रेमाने स्वागत केले. ज्यांना गावात मान वर करून चालण्याची चोरी होती, त्यांना आपल्यातील एकाने विलायतेत नाव कमावलेले दिसत होते. त्या दिवसांत मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असलेले भीमराव आंबेडकर यांनाही बाळूंविषयी मोठा अभिमान वाटे.

बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल असे हे चार भाऊ. चौघेही हिंदू संघाकडून खेळले. बाळू वर्षानुवर्षे संघाचे सर्वश्रेष्ठ गोलंदाज होते. अनुभवही दांडगा होता. तरीही कर्णधाराचे पद त्यांच्या वाट्याला आले नाही. कर्णधार निवडताना गुणांपेक्षा जात पाहिली जात होती. १९२० साली तर त्यांना संघातून वगळण्यात आले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी स्वाभिमानाने संघातून माघार घेतली. वृत्तपत्रांतून आणि सभांतून गदारोळ उठला. शेवटी अंतिम सामन्यासाठी बाळूंना उपकर्णधार म्हणून परत बोलाविण्यात आले. त्या सामन्यात कर्णधार पै हे काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्या वेळापुरते संघाचे नेतृत्व बाळूंच्या हाती आले. एकदा ज्यांनी तंबूच्या बाहेर बसून चहा घेतला होता, त्यांच्या इशाऱ्यावर आता सारा संघ मैदानात हलत होता. पै यांचे हे सौजन्य आठवणीत ठेवण्यासारखे आहे. पुढे १९२३ साली धाकट्या विठ्ठलला हिंदू संघाचे कर्णधारपद मिळाले आणि त्याच्या नेतृत्वाखाली संघाने युरोपियनांचा पराभव केला. थोरल्या भावाने नांगरलेल्या शेतात धाकट्याने पीक घेतले.

खेळातून निवृत्त झाल्यावर बाळू सार्वजनिक कार्यात पडले. १९३२ साली पुण्याजवळच्या येरवड्याच्या तुरुंगात महात्मा गांधींचे उपोषण चालू असताना जो पुणे करार झाला, त्यावर सह्या करणाऱ्यांत पालवणकर बाळू यांचेही नाव होते. दलित समाजाच्या उन्नतीचा मार्ग कोणता, याविषयी त्यांचे आणि डॉ. आंबेडकरांचे मतभेद झाले. १९३७ साली मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. डॉ. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. एकाने ज्ञानाच्या बळावर आणि दुसऱ्याने खेळाच्या बळावर त्याच भिंतीवर घाव घातले होते. निवडणुकीत ते समोरासमोर उभे राहिले, तरी दोघांनी सोसलेले दुःख एकच होते.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत पालवणकर बाळू यांचे निधन झाले. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ बळी घेतले होते, आणि प्रत्येक बळीमागे सरासरी पंधराच्या आसपास धावा दिल्या होत्या. मोठे सामने क्वचितच होत असत अशा काळातील हे आकडे आहेत.

आकडे नोंदवहीत राहतात. पण पहाटे रूळ ओढणारा तो तरुण आठवला म्हणजे मनात वेगळाच विचार येतो. ज्या मैदानाची त्याने सेवा केली, त्यावर मानाने उभे राहण्यासाठी त्याला आपले सारे आयुष्य वेचावे लागले. त्याच्या गुणांना वाट मिळाली, म्हणून त्याचे नाव आज आपल्याला ठाऊक आहे. ज्यांच्या हाती चेंडू कधी पडलाच नाही, असे किती बाळू त्या काळी झाडू आणि रूळ हाती घेऊनच म्हातारे झाले असतील! मैदानावर उतरताना आपल्या बाजूला उभ्या असलेल्या खेळाडूची जात विचारू नये. त्याचा खेळ पाहावा, आणि खेळ संपल्यावर एकाच माठातले पाणी मिळून प्यावे. न्यायमूर्ती रानड्यांनी विचारलेल्या सवालाचे याहून सोपे उत्तर नाही.

स्वाध्याय

१. बाळू गोलंदाजी कोठे व कशी शिकला?
२. 'फलंदाजी हा मानाचा खेळ, तो साहेबाने खेळावा,' या रीतीतून तेव्हाच्या समाजाविषयी काय कळते?
३. न्यायमूर्ती रानडे यांनी खेळाडूंना कोणता सवाल केला? तो करण्याची वेळ का आली?
४. इंग्लंडमधील 'सद्‌गृहस्थ' व 'खेळाडू' हा भेद आणि आपल्याकडील जातिभेद यांत कोणते साम्य व कोणता फरक आहे?
५. १९२० च्या सामन्यात कर्णधार पै यांनी काय केले? त्यांची कृती तुम्हांला कशी वाटते, ते कारणासह लिहा.
६. 'थोरल्या भावाने नांगरलेल्या शेतात धाकट्याने पीक घेतले,' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
७. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : नाणावलेला, विषण्ण, रीघ, धास्ती, सौजन्य.
८. तुमच्या शाळेचे मैदान कोण झाडते, कोण आखते, हे विचारून घ्या आणि त्यांच्या दिवसभराच्या कामाविषयी दहा ओळी लिहा.